धाप न लागणारी आई

"डॉक्टर, आवडता मुलगा समोर आला की श्वास अडकतो, त्याला वैद्यकीय भाषेत काय म्हणतात?"

शाळेचं अख्खं सभागृह आधी चिडीचूप झालं आणि मग फुटलं. बाकं वाजली, शिट्ट्या झाल्या, मुख्याध्यापिकाबाईंचे डोळे कपाळात गेले. प्रश्न विचारणारी मुलगी मात्र उभीच. हा प्रश्न मुळात तिचा नव्हता. तिच्या मागे बसलेल्या चष्मिश आणि खारूताई या दोन जिवलग मैत्रिणींनी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. "हिंमत असेल तर विचार. नाहीतर आयुष्यभर गप्प बस." आता एवढं म्हटल्यावर कोण गप्प बसेल? निदान आपली भिंगरी तरी नाही.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. एका जागी पाच मिनिटं बसली तर आई कपाळाला हात लावून बघायची, ताप तर नाही ना. मागच्या वर्षापर्यंत ती वर्गात उत्तर येत असूनही वहीत तोंड खुपसून बसायची. यंदा वक्तृत्व स्पर्धेत ती एकदा बोलून काय गेली, नळाची चावीच तुटली. तेव्हापासून धो धो.

व्याख्यानाला आलेल्या डॉक्टरीणबाई शाळेच्या मागच्याच गल्लीत दवाखाना चालवायच्या. आखूड पांढरे केस, पायात कापडी बूट. हसू ओसरेपर्यंत त्या शांतपणे पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "प्रश्न चांगला आहे. त्याला डिस्प्निया म्हणतात."

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मराठीत श्वासकष्ट. बोलताना आपण म्हणतो धाप लागली, दम लागला, छातीत कोंडल्यासारखं झालं, हवा पुरेना. मुलगा समोर आला म्हणून झालं तर दोन मिनिटांत जातं. मुलगाही जातो." पुन्हा हशा. "पण बाकीच्या वेळी नीट ऐका. डिस्प्निया हे आजाराचं नाव नाही. तक्रारीचं नाव आहे. दार वाजतंय, एवढंच ते सांगतं. बाहेर कोण आहे ते दार उघडून बघावं लागतं. फुप्फुस असेल, हृदय असेल, अंगात रक्त कमी असेल, कधी नुसती भीती असेल. आणि दाराचा आवाज फक्त त्या माणसालाच ऐकू येतो. मला बाहेरून नाही येत. त्यानं सांगितलं तरच मला कळणार."

"आणि त्यानं नाही सांगितलं तर?" भिंगरीनं विचारलं. हा प्रश्न तिचा स्वतःचा होता. पैजेत नव्हता.

"तर दार वाजत राहतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर पडल्यावर मैत्रिणींनी तिला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. चष्मिश म्हणाली, "तू अमर झालीस." खारूताई म्हणाली, "मुख्याध्यापिकाबाईंनी तुझ्या आईला बोलावलं की कळेल किती अमर ते." भिंगरी हसली खरी, पण चालता चालता ते वाजणारं दार काही तिच्या डोक्यातून जाईना.

भिंगरीचं घर म्हणजे एक उभी, अरुंद इमारत. तळमजल्यावर दुकान. तिथं सोफ्याच्या खोळी, पडदे, गाद्या, उशा. पहिल्या मजल्यावर शिलाईची खोली. तिच्यावर राहायचं घर. आणि या तिन्ही मजल्यांना टाचणारा एक उभट जिना. बाबा गाद्या भरायचे आणि सोफे बांधायचे, आई मशीनवर बसायची. दोघांच्या हातच्या कामाला नाव होतं. पण गल्लीत बाबांना सगळे हाक मारायचे ती 'इंजिनिअर' म्हणून.

कारण बाबांना कुठलीही अडचण दिसली की हात शिवशिवायचे. गिऱ्हाईक उन्हात उभं राहतं? छत्रीच्या काड्यांचं उघडझाप छप्पर. आईची कात्री हरवते? छताला टांगलेली स्प्रिंगची कात्री, ओढा, कापा, सोडा. खालून वर कापडाचे गठ्ठे न्यायला जिन्याच्या पोकळीतून कप्पी लावलेली आणि दोराला वेताची टोपली. त्या टोपलीतून गठ्ठे वर जायचे, शिवलेल्या खोळी खाली यायच्या, दुपारचा डबासुद्धा टोपलीतून शिलाईखोलीत उतरायचा. आईला दिवसभरात जिन्याला पाय लावावा लागत नव्हता. सकाळी एकदा खाली आली की रात्री एकदा वर. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. आत्या आली की टोमणा मारून जायची, "आमची वहिनी म्हणजे राणीसाहेब. टोपलीत बसायची तेवढी राहिलीय."

त्या संध्याकाळी भिंगरीनं घरात सर्वेक्षणच काढलं. दप्तर फेकलं आणि सुरू.

"बाबा, तुम्हाला धाप लागते?"

बाबांच्या तोंडात दाभणात ओवायची सुतळी होती. "तुझी फी भरताना लागते."

"आई, तुला?"

"मला?" आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "नाही गं. मला कशाला लागतेय."

"नक्की?"

"नक्की. ती खोळ उलटी करून दे आणि हातपाय धू."

झालं. सर्वेक्षण संपलं. घरात कुणालाच काही नाही. भिंगरीला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण काहीतरी टोचत होतं, गादीत राहिलेल्या सुईसारखं. दिसत नाही, पण कूस बदलली की आहेच.

मग एके दिवशी कप्पी अडकली.

बाबा गिऱ्हाइकाकडे सोफ्याचं माप घ्यायला गेले होते. दोर चाकावरून घसरून बाजूच्या फटीत रुतला आणि टोपली मधेच लोंबकळत राहिली. वरून आईनं ओढून पाहिलं, खालून भिंगरीनं. हलेना. तेवढ्यात आईला दुकानात उतरावं लागलं, एका बाईंना पडद्याचं कापड स्वतः दाखवायचं होतं. त्या बाई गेल्यावर दोघी जिना चढायला लागल्या. गठ्ठा भिंगरीच्या डोक्यावर, आईचे हात रिकामे.

भिंगरी पुढे पळाली, वळून पाहिलं तर आई मागे थांबलेली. वाकून चपलेचा पट्टा नीट करत होती.

"चल ना."

"आले." चार पायऱ्या. पुन्हा थांबली. भिंतीवर हात फिरवून म्हणाली, "इथला रंग बघ... कसा उडालाय."

"गेल्या दोन वर्षांपासून उडालाय तो."

"हो का." आणखी थोड्या पायऱ्या. पुन्हा थांबा. "शटर... ओढलंस का गं खालचं?"

"आई, दुपार आहे. दुकान उघडं आहे. शटर कशाला ओढू?"

आई हसली. नुसतं ओठांनी. शिलाईखोलीत पोचल्यावर ती मशीनच्या स्टुलावर बसली आणि टाचण्यांची डबी उघडून त्यात बघत राहिली, जणू प्रत्येक टाचणीची विचारपूस करायची आहे. भिंगरीनं गठ्ठा टाकला. आईच्या गळ्याच्या खालच्या खळगीत कातडी आत ओढली जात होती आणि बाहेर येत होती, आत आणि बाहेर.

"आई, तुला धाप लागलीय."

आईनं मानेनंच नाही म्हटलं. मग श्वास जमवून म्हणाली, "जिना उंच आहे."

जिना उंच आहे. आता वाचकहो, तुम्हीच सांगा, जिना काय काल वाढला?

बाबा घरी आल्याबरोबर भिंगरीनं त्यांना गाठलं. पण बाबांनी आधी कप्पी गाठली. दोर सोडवला, चाकाला तेल पाजलं, बाजूची फट लाकडाच्या पट्टीनं बुजवली आणि टोपली खालीवर पळवून दाखवली. "बघ. लोण्यासारखी. आता तुझ्या आईला चढायची गरजच नाही."

"बाबा, मी कप्पीबद्दल बोलतच नाहीये."

"मग कशाबद्दल?"

तिनं सांगितलं. बाबांनी ऐकलं, डोकं खाजवलं. "शाळेत एक व्याख्यान ऐकलं की डॉक्टर होतं का कुणी? पण बरं. तिचे पाय संध्याकाळी सुजतातच. चपला घट्ट होतात म्हणून मीच पट्टे उसवून रुंद करून दिलेत. उद्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ. तुझंही समाधान होईल."

दुसऱ्या दिवशी तिघं गेली. नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना माणसांनी ठासून भरलेला, एक खोकणारं बाळ, एक पाय बांधलेले काका. आई आणि बाबा आत गेले. भिंगरीला बाहेरच्या बाकावर बसवलं. ती बसली कुठली. बाकावरून उठ, पाण्याच्या पिंपापाशी जा, वजनकाट्यावर उभी राहा, परत बाकावर. आतून बाबांचं हसू ऐकू आलं आणि मग डॉक्टरांचंही.

बाहेर आल्यावर बाबा खुशीत होते. "झालं समाधान? बोटाला ते यंत्र लावलं, आकडा अगदी झकास. डॉक्टरांनी विचारलं, चालताना, जिना चढताना धाप लागते का? मी म्हटलं, छे, ती जिना चढतच नाही हो. डॉक्टर म्हणाले, भाग्यवान आहेत."

"आणि आई काय म्हणाली?"

"मी म्हटलं, नाही लागत," आई म्हणाली. "खरंच नाही लागत गं. पायांना दिवसभर मशीनवर बसल्यानं सूज येते, म्हणाले. पाय वर ठेवून झोपा."

घरी येताना ते फुलवाल्यासमोर थांबले, मग भांड्यांच्या दुकानासमोर. आईला काचेतलं सगळं बघायचं होतं. घ्यायचं काहीच नव्हतं.

भिंगरीला रडू यायला लागलं आणि रागही. कुणाचा राग, तेच कळेना. डॉक्टरांनी विचारलं होतं. आईनं उत्तर दिलं होतं. यंत्रानं आकडा दाखवला होता. कुणीही खोटं बोललं नव्हतं. तरीही काहीतरी धडधडीत खोटं होतं, आणि ते तिच्या अंगाखांद्यावरून मुंग्यांसारखं फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती सरळ मागच्या गल्लीत गेली. चष्मिश आणि खारूताई दोन्ही बाजूंना.

"आलीस?" डॉक्टरीणबाईंनी तिला लगेच ओळखलं. "आता कुठला मुलगा?"

"मुलगा नाही. आई."

डॉक्टरीणबाईंनी समोरचं पेन टोपणात घातलं. भिंगरीनं एका दमात सगळं सांगितलं. जिना, चपलेचा पट्टा, भिंतीचा रंग, बोटाचं यंत्र, भाग्यवान.

"यंत्र रक्तातला प्राणवायू मोजतं," त्या म्हणाल्या. "श्वास घ्यायला माणसाला किती झगडावं लागतंय, ते नाही मोजत. आकडा झकास असतानाही माणूस कासावीस असू शकतो. आणि तुझ्या आईनं दिलेलं उत्तर खरंच असणार. जो जिना चढतच नाही त्याला जिन्यावर धाप कशी लागेल? प्रश्न बदलायला हवा. धाप लागते का, असं नाही विचारायचं. विचारायचं, आधी काय करत होतात जे आता करत नाही? सांग बघू. तुझी आई आधी काय करायची?"

भिंगरी बोलायला लागली आणि बोलता बोलता तिचा आवाज हळू होत गेला.

आई आधी गच्चीवर कपडे वाळत घालायची. आता बाबांनी खिडकीत सरकती काठी लावली आहे. आई बाजारात जायची. आता दुकानदार पिशवी टोपलीत ठेवून जातो. टाचण्या ओठांत धरून आई सबंध गल्लीच्या बातम्या सांगायची, एक टाचणी न पाडता. आता टाचण्या डबीत असतात आणि बातम्या नाहीत. मशीन चालवता चालवता गुणगुणायची. ते कधी थांबलं? कुणालाच आठवत नाही. पायानं चालवायच्या मशीनला बाबांनी मोटर लावली, त्याच्या आधी की नंतर?

"झोपते कशी?" डॉक्टरीणबाईंनी मधेच विचारलं.

"कशी म्हणजे? पाठीवर. बाबांनी तिच्यासाठी उतरती गादी केलीय. डोक्याकडे एवढी उंच." भिंगरीनं हात दाखवला. "आधी ती उशांवर उशा घ्यायची, त्या घसरायच्या. म्हणून बाबांनी फोम कापून..."

डॉक्टरीणबाई खुर्चीत ताठ झाल्या. "सपाट झोपली तर?"

"आवडत नाही तिला."

"आवडत नाही की जमत नाही?"

 शेजारी उभ्या खारूताईनं भिंगरीचा हात धरला.

"तुझ्या बाबांवर रागावू नकोस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते प्रेमळ आहेत, दिसतंच आहे. पण त्यांनी घरात आजाराला ऐसपैस जागा करून दिली. जिथं जिथं तो अडला असता, ओरडला असता, तिथं तिथं गादी घातली. असं किती घरांत चालतं म्हणून सांगू? म्हातारे पायी फिरणं सोडतात, आपण म्हणतो वयोमान. बाई बाजाराला जाणं सोडते, आपण म्हणतो मुलं मोठी झाली, आराम करतेय. कुणी विचारत नाही, का सोडलंस? मी पेशंट न बघता निदान करत नाही. पण सूज, जिना आणि ही उतरती गादी एकत्र आली तर मी हृदयाची तपासणी केल्याशिवाय राहणार नाही. पुढच्या आठवड्यात नाही. उद्या सकाळी घेऊन ये. आणि त्याच्या आधी बसल्या जागी धाप लागली, ओठ निळसर दिसले किंवा छातीत दुखलं, तर माझीसुद्धा वाट बघायची नाही, थेट मोठं रुग्णालय. कळलं?"

बाहेर आल्यावर चष्मिश काहीतरी गमतीचं बोलायला गेली आणि स्वतःच थांबली. तिघी चालायला लागल्या, मग भिंगरी पळायलाच लागली.

ती घरी पोचली तेव्हा बाबा दुकानात आरामखुर्चीला झालर ठोकत होते आणि झालरीचं कापड निवडायला खाली उतरलेली आई खुर्चीच्या हातावर रेलून बघत होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भिंगरीनं दार लोटलं आणि धापा टाकत उभी राहिली. तिची धाप सगळ्यांना दिसत होती. आईनं लगेच पाण्याचा तांब्या पुढे केला.

"मी पळाले म्हणून लागली," भिंगरी म्हणाली. "तुला न पळता लागते. आई, तू टाचण्या ओठांत का धरत नाहीस?"

"हे काय आता?"

"गुणगुणत का नाहीस? गच्चीवर का जात नाहीस? सपाट का झोपत नाहीस?"

"अगं, सोय आहे म्हणून..."

"सोय नव्हती तेव्हा काय होत होतं?"

बाबांनी हातोडी खाली ठेवली. "कुणी भरवलंय हे तुझ्या डोक्यात?"

भिंगरीनं डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं सांगितलं. मधलं काही गाळलं नाही. गादी घातली, हे वाक्यसुद्धा नाही. ते ऐकताना बाबांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा.

"म्हणजे मी बायकोला सुख दिलं तो गुन्हा झाला? रात्र रात्र जागून मी त्या वस्तू केल्या. गल्लीत कुणी केलंय का एवढं?"

"नाही केलं," भिंगरी म्हणाली.  "तुम्ही जगातले सगळ्यात चांगले इंजिनिअर आहात. पण बाबा, आईला एकदा तरी विचारलं होतं का, की तुला काय होतंय?"

 बाहेरून सायकलची घंटा वाजत गेली. मग आई बोलली. खालच्या आवाजात, मधे मधे थांबत. आज ते थांबणं दोघांनाही ऐकू आलं.

"मी खोटं नाही बोलले. मला वाटलं, सगळ्यांनाच होत असेल. वय वाढलं, अंगानं थोडी सुटले. ताप असता तर हाताला लागला असता. खोकला असता तर ऐकू आला असता. हे काय दाखवणार? पायरी चढताना कुणीतरी छातीवर कापसाचा गठ्ठा ठेवतं, असं सांगू? लोक म्हणतील, कामाचा कंटाळा आलाय. मला स्वतःलाच वाटायचं, आळशी झालेय मी. आणि यांनी एवढ्या हौसेनं कप्पी आणली. तिला नको कशी म्हणू? वाटलं, बरंच झालं. आता कुणाला कळणार नाही."

"आडवं झाल्यावर?" भिंगरीनं विचारलं.

आई नवऱ्याकडे बघत राहिली. "बुडाल्यासारखं होतं."

आरामखुर्ची अर्धी झालरीची, अर्धी उघडी पडली होती. बाबा तिच्यावर बसले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर ते कधी बसत नसत.

"मी पाहिलं होतं," ते म्हणाले.

"काय?" आईनं विचारलं.

"तुला. जिन्यात. गेल्या वर्षी कधीतरी. कठड्याला धरून उभी होतीस, डोळे मिटून. मी खाली होतो. तुला कळलं नाही." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मी पाहिलं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो कप्पीचा. तसाच कप्पी आणायला गेलो. विचारलं नाही तुला. भीती वाटली असेल. लाकूड मोडलं तर मला जोडता येतं, स्प्रिंग तुटली तर बदलता येते. तू काहीतरी सांगितलं असतंस आणि मला ते दुरुस्त करता आलं नसतं, तर? म्हणून विचारलंच नाही. आणि काल डॉक्टरांनी तुला विचारलं, तेव्हा उत्तरही मीच दिलं."

बघा, केवढा हा घोटाळा! दिसलं सगळ्यांना, सोय झाली सगळ्यांची, आणि विचारलं मात्र कुणीच नाही!

आई खुर्चीजवळ गेली. बाबांच्या खांद्यावर चिकटलेला कापूस तिनं झटकला. "झालं ते झालं. तुम्ही भीती घालवायला कप्पी केलीत, मी भीती लपवायला टोपली ओढली. दोघंही सारखेच शहाणे."

"उद्या जाऊ," बाबा म्हणाले. "डॉक्टरीणबाईंकडे. आता फोन करतो."

फोन झाला. सकाळची पहिली वेळ मिळाली. बाबांनी दुकानाच्या दारावर उद्यासाठी 'बंद' अशी पाटी लावली. मग ते उगाच तिच्याकडे बघत राहिले, पाटी आपोआप फिरेल अशी काही युक्ती सुचतेय का म्हणून. आईनं नुसतं "अहो" म्हटलं, तसे गप्प आत आले.

आता वाचकहो, उद्या तिथं काय निघेल ते या तिघांनाही अजून ठाऊक नाही. कदाचित हृदय निघेल, कदाचित फुप्फुस, कदाचित गोळ्यांनी भागेल, कदाचित नाही. श्वासकष्ट हा शब्द ते सांगत नाही. तो फक्त म्हणतो, बघा. पण तो शब्द उच्चारायलाच या प्रेमळ घराला एक अख्खं वर्ष लागलं, आणि त्यातलं कुणीही दुष्ट नव्हतं. तुमच्या आमच्या घरातही असं कुणीतरी असेल. कुणी गच्चीवर जायचं सोडलं असेल, कुणी उशा वाढवल्या असतील, कुणी चालता चालता दुकानांच्या काचा बघत असेल. आपण त्यांना खुर्ची देतो, पिशवी घेतो, काम कमी करतो. जरूर करावं. पण खुर्ची देण्याआधी शेजारी बसून विचारावं, हे कधीपासून सोडलंस आणि का? आणि मग उत्तर त्यांनाच देऊ द्यावं, आपण नाही. आणि ज्यांना स्वतःला दम लागतो, त्यांनी तो आळस म्हणून लपवू नये. जे दुसऱ्याला दिसत नाही ते सांगणं म्हणजे कुरकुर नाही. सांगितल्याशिवाय त्यावर इलाज करणार कोण?

रात्रीचं जेवण झालं. ताटं उचलताना आई म्हणाली, "उद्या तू शाळेत जा हो. तुझी चाचणी आहे ना? आम्ही दोघं जाऊन येतो. या वेळी मी सगळं नीट सांगीन."

बाबा म्हणाले, "हो, आणि विसरली तर मी आहेच."

भिंगरीच्या हातात तीन वाट्या होत्या. तिनं त्या खाली ठेवल्या. आज बहुधा पहिल्यांदाच ती एका जागी स्थिर उभी राहिली.

"माझं ठरलंय," ती म्हणाली. "मी उद्या शाळेत जाणार नाही. चाचणी नंतर देईन, बाईंशी मी बोलेन. मी तुमच्याबरोबर येणार आणि बाहेरच्या बाकावर बसणार नाही, आत येणार. डॉक्टर विचारतील तेव्हा आई बोलेल. किती का वेळ लागेना, मधे कितीदा का थांबेना, तीच बोलेल. बाबा, तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. आणि आई, तू 'काही नाही' म्हणालीस ना, तर डॉक्टरांना मी सांगेन की हे उत्तर धरू नका, पुन्हा विचारा."